बेसमेंटमधला फ्लॅश आणि मंडळाचे फोटो

सत्तर-ऐंशीच्या दशकात इथे आलेल्या आपल्यापैकी बहुतेकांच्या बेसमेंटमध्ये एक खोका असतो. त्यात स्लाइड प्रोजेक्टरचं रिकामं चक्र, नाट्यसंगीताच्या दोन-तीन कॅसेटी, भारतात जाताना घेतलेला व्होल्टेज कन्व्हर्टर आणि तळाशी एक काळा, विटेसारखा जड फ्लॅश. त्याच्या जोडीचा कॅमेरा कधीच कुणाला तरी देऊन टाकलेला असतो. फ्लॅश मात्र राहतो, आणि मुलं घर आवरायला आली की सगळ्यात आधी कचऱ्यात जाणाऱ्या वस्तूंमध्ये त्याचा नंबर लागतो. माझं म्हणणं असं की तो टाकू नये. नुसता जपूनही ठेवू नये. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर लावून आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांत तो वापरावा.

हेच म्हणणं मी कार्यकारिणीच्या बैठकीत मांडलं होतं. विषय होता मंडळासाठी फोटोग्राफीचं सामान विकत घ्यावं, की दर कार्यक्रमाला व्यावसायिक फोटोग्राफर बोलवावा. मला पाच मिनिटं मिळाली, त्यातली दोन कुणाचा तरी फोन वाजण्यात गेली. संपादकांनी इथे जागा मोकळेपणाने दिली आहे, तेव्हा सविस्तर लिहितो. आयुष्यभर वर्गात बोलण्याची सवय, त्यामुळे थोडं शिकवल्यासारखं वाटलं तर सांभाळून घ्यावं.

आधी फोटोंची गरज काय ते सांगतो. आपल्या दिवाळी अंकाच्या शेवटी श्रद्धांजलीचं पान असतं. काही वर्षांपूर्वीपर्यंत ते अर्धं पान होतं, आता दोन पानं पुरत नाहीत. अंकाच्या कामात मी बरीच वर्षं होतो. जाहिराती मिळवणं परवडलं, पण त्या पानासाठी एक बरा फोटो मिळवणं महाकठीण. घरच्यांकडे हजारो फोटो असतात, फोनमध्ये, क्लाउडवर, नातवंडांच्या लॅपटॉपवर. पण छापायला घ्यावा तर चेहरा पुसट, डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे, कडेला शेजारच्याचा अर्धा खांदा आणि हातात पोहे की काहीतरी असलेली कागदी डिश. ज्या माणसाने तीस वर्षं गणपतीची आरास केली, नाटकं बसवली, त्याचा सत्तरीतला एक धड फोटो मंडळाकडे नाही. गंमत म्हणजे त्याच माणसाचा १९७८च्या पिकनिकमधला फोटो लख्ख असतो. हातात एका वेळी छत्तीसच फोटोंचा रोल असताना आपण बरे फोटो काढत होतो. आता मोजदाद नाही, तर चेहरेच दिसत नाहीत.

याचं कारण फोन वाईट आहेत हे नव्हे. फोन उत्तमच आहेत, उन्हात. पण आपले कार्यक्रम कुठे होतात? भाड्याने घेतलेल्या हायस्कूलच्या कॅफेटेरियात, चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये, नाहीतर कम्युनिटी सेंटरमध्ये. वर छताला चौकोनी दिवे, त्यांचा उजेड सरळ डोक्यावर पडतो. कपाळ आणि नाक उजळतं, डोळे खोबणीत बुडतात. चष्मा असेल तर त्याची सावली गालावर. फोनचा सेन्सर नखाएवढा, त्यामुळे त्याला उजेड गोळा करायला वेळ लागतो. तेवढ्यात माणूस हलतो, हसतो, वळतो. मग फोन आतल्या आत सफाई करतो आणि आजींच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या गुळगुळीत करून टाकतो. फोनच्या मागे जो 'फ्लॅश' म्हणतात तो खरं तर एक छोटा एलईडी दिवा. चार-सहा फुटांपलीकडे त्याचा फारसा उपयोग नाही.

खरा फ्लॅश ही वेगळीच गोष्ट आहे. काचेच्या नळीत झेनॉन वायू भरलेला, शेजारी एक कपॅसिटर, त्यात साधारण तीनशे व्होल्टच्या दाबाने साठवलेली वीज. बटण दाबलं की ती सगळी वीज सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास वायूतून जाते आणि दिवसाच्या उजेडासारखा पांढरा प्रकाश पडतो. हा प्रकार फोटोग्राफीत रुजवला तो एमआयटीच्या हॅरल्ड एजर्टन यांनी, १९३०च्या दशकापासून. दुधाच्या थेंबाने उसळलेला मुकुट, सफरचंदातून आरपार जाणारी गोळी, हे फोटो आपल्या मुलांनी शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात पाहिले असतील, ते त्यांचेच. जाक कुस्तो यांच्या जहाजावरची मंडळी त्यांना 'पापा फ्लॅश' म्हणत. इतक्या कमी वेळात प्रकाश पडत असल्यामुळे माणूस हलला तरी फोटो हलत नाही. फुगडी घालणाऱ्या दोन बायकासुद्धा स्पष्ट येतात.

अडचण होती ती प्रकाश किती टाकायचा याची. जुन्या काळी त्यासाठी गणित करावं लागे. प्रत्येक फ्लॅशला एक गाइड नंबर असतो. त्याला अंतराने भागलं की लेन्सचं अ‍ॅपर्चर मिळतं. गाइड नंबर १२० असेल आणि माणूस १५ फुटांवर असेल, तर एफ ८. तो ३० फुटांवर गेला तर एफ ४. लग्नात वऱ्हाडी इकडून तिकडे पळत असताना हा भागाकार करत राहायचा म्हणजे शिक्षाच. १९६०च्या दशकात यावर तोड निघाली आणि 'ऑटो' फ्लॅश आले.

ऑटो फ्लॅशच्या पुढच्या बाजूला, बोटाच्या टोकाएवढं एक भोक असतं. त्यामागे प्रकाश मोजणारा सेन्सर. फ्लॅश पेटला की प्रकाश समोरच्या माणसावर आपटून परत येतो, सेन्सर तो मोजत राहतो, आणि पुरेसा झाला की सर्किट नळीचा पुरवठा तोडतं. हे सगळं फ्लॅश पेटलेला असतानाच, लाखांश सेकंदांच्या हिशेबात. पहिल्या पहिल्या ऑटो फ्लॅशमध्ये उरलेली वीज दुसऱ्या एका नळीत ओतून वाया घालवत. पुढे थायरिस्टर आला. त्याने उरलेली वीज कपॅसिटरमध्येच राहू लागली, त्यामुळे सेल जास्त टिकू लागले आणि पुढच्या फोटोला फ्लॅश लवकर तयार होऊ लागला. माणूस जवळ असेल तर प्रकाशाचा झोत इतका आखूड होतो की तो सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी भरतो.

या जातीतला सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे व्हिव्हिटार २८३. सत्तरच्या दशकात आला आणि वर्षानुवर्षं खपत राहिला. ही कंपनीही तुमच्या-आमच्यासारख्यांचीच. जर्मनीतून आलेल्या पाँडर आणि बेस्ट या दोन स्थलांतरितांनी कॅलिफोर्नियात सुरू केलेली. त्यांच्या आडनावांवरूनच ती आधी ओळखली जाई. २८३चा गाइड नंबर फुटांच्या हिशेबात १२०, आयएसओ १०० ला. त्याचाच भाऊ २८५. शिवाय सनपॅक, मेट्झ, आणि निकॉनचे एसबी-२४ ते एसबी-२८. एस्टेट सेलमध्ये, गराज सेलमध्ये यातलं काहीतरी दहा-वीस डॉलरला सहज मिळतं, बहुतेक वेळा जुन्या कॅमेऱ्याच्या बॅगेसकट. आमच्या सौ.ना मी अशा सेलमध्ये थांबलेला आवडत नाही, तो भाग निराळा.

आता माझा मूळ मुद्दा. ऐंशीच्या दशकात कंपन्यांनी याहून हुशार फ्लॅश काढले, टीटीएल नावाचे. प्रकाश पुरेसा झाला की नाही हे फ्लॅशने न ठरवता कॅमेऱ्याने लेन्सच्या आतून मोजून ठरवायचं. फिल्मवरून परावर्तित झालेला प्रकाश मोजायची ही युक्ती ऑलिंपसच्या ओएम-२ने आणली आणि पुढे सगळ्यांनी उचलली. छान चाललं होतं. मग डिजिटल आलं. फिल्मवरून प्रकाश जसा परततो तसा सेन्सरवरून परतत नाही, त्यामुळे ती पद्धत बाद झाली. कंपन्यांनी नवी पद्धत, नवे संकेत काढले आणि जुने टीटीएल फ्लॅश एका रात्रीत आंधळे झाले. हजारो लोकांचे चारशे-चारशे डॉलरचे फ्लॅश कपाटात गेले. पण त्याच फ्लॅशवर 'ए' असं लिहिलेलं साधं ऑटोचं बटण असेल तर ते आजही चालतं, कुठल्याही कंपनीच्या कॅमेऱ्यावर, कारण त्याला कॅमेऱ्याकडून एकच गोष्ट हवी असते: 'आता पेट.' बाकीची अक्कल त्याच्या स्वतःच्या डोक्यात आहे. एसबी-२८ नव्या निकॉनवर टीटीएलने चालत नाही, पण ऑटोवर ठेवला की निकॉनवर चालतो, फुजीवर चालतो, पॅनासोनिकवरही चालतो.

'पण ऑटो फ्लॅश चुकतात,' असं जुनी मंडळी म्हणतील. चुकतात, कबूल. सेन्सरला समोर काय आहे ते कळत नाही, किती प्रकाश परत आला तेवढंच कळतं. पैठणीचा जरीचा पदर पुढे आला की खूप प्रकाश परत येतो, फ्लॅशला वाटतं काम झालं, आणि नेसणारीचा चेहरा काळा पडतो. उलट काळा कोट घालून काळ्या पडद्यासमोर उभा राहिलेला जावई पांढराफटक. फिल्मच्या काळात हे आठवड्याने कळायचं, दुकानातून पाकीट घरी आल्यावर. तोवर जावई गावी गेलेला. आज पहिला फोटो काढला की दोन सेकंदांत पाठीमागच्या पडद्यावर दिसतो. चेहरा अंधारलेला असेल तर लेन्सचं अ‍ॅपर्चर अर्धा-एक घर उघडायचं आणि फ्लॅशवरची सेटिंग तशीच ठेवायची. उजळ झाला असेल तर उलट. एकदा त्या जागेला, त्या कपड्यांना जमलं की पुढचे पन्नास फोटो तसेच येतात. म्हणजे ज्या एका उणिवेमुळे लोक ऑटो फ्लॅश सोडून टीटीएलकडे गेले, ती उणीव डिजिटल कॅमेऱ्याच्या पडद्याने भरून काढली. या दोघांची गाठ पन्नास वर्षं उशिरा पडली एवढंच.

आणि एक गोष्ट टीटीएलच्या भक्तांनी लक्षात घ्यावी. आजचा टीटीएल फ्लॅश फोटोच्या आधी एक हलका झोत टाकतो, त्यावरून मोजमाप करतो आणि मग खरा झोत टाकतो. दोन्हींमधलं अंतर इतकं कमी की आपल्याला एकच वाटतो, पण काही माणसांच्या पापण्या तेवढ्यात मिटू लागतात. समूहात असे दोघे-तिघे निघतातच. ऑटो फ्लॅश एकदाच पेटतो. पापणी मिटेपर्यंत फोटो झालेला असतो.

आपल्या हॉलमध्ये कसा वापरायचा ते सांगतो, कारण नुसतं 'वापरा' म्हणण्यात अर्थ नाही. कॅमेरा 'एम'वर, म्हणजे मॅन्युअलवर ठेवावा. आयएसओ ८००, शटर १/६०, अ‍ॅपर्चर एफ ५.६. फ्लॅशच्या डायलवरही आयएसओ तोच लावावा आणि एफ ५.६ येईल तो रंग किंवा ती खूण निवडावी. डायल ४००पर्यंतच जात असेल तर कॅमेराही ४००वर आणावा. व्हिव्हिटार २८३वर ४०० लावलं की पिवळ्या खुणेसमोर ५.६ येतं, ते चालेल. मग सगळ्यात महत्त्वाचं: फ्लॅशचं डोकं वर, छताकडे करायचं. सरळ तोंडावर फ्लॅश मारला की चेहरा पासपोर्टच्या फोटोसारखा सपाट होतो, मागच्या भिंतीवर काळी सावली उमटते, आणि चार रांगांच्या समूहात पहिली रांग भुतासारखी पांढरी व शेवटची अंधारात जाते. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई होतो, त्याला कुणाचा इलाज नाही. तोच प्रकाश कॅफेटेरियाच्या पांढऱ्या छतावर टाकला की पूर्ण छतच एक मोठा दिवा होतं. पहिल्या आणि शेवटच्या रांगेत फार फरक राहत नाही, सावल्या मऊ होतात, आणि समोर बसलेल्या आजोबांच्या डोळ्यांवर झोत आदळत नाही.

इथेच जुन्या फ्लॅशची खुबी दिसते. २८३चं डोकं वर वळवलं तरी त्याचा सेन्सर समोर, माणसाकडेच पाहत राहतो. छतापर्यंत जाऊन, पसरून, परत येताना प्रकाश किती कमी झाला याचा हिशेब आपल्याला करावा लागत नाही. चेहऱ्यावरून पुरेसा प्रकाश परत येईपर्यंत तो पेटून राहतो. ताकद कमी पडली तर पाठीमागचा छोटा दिवा लागत नाही, मग आयएसओ एक घर वाढवायचा. डोळ्यांत चमक यावी म्हणून फ्लॅशच्या डोक्यामागे एक पांढरं इंडेक्स कार्ड रबरबँडने बांधावं, दोन इंच वर येईल असं. थोडा प्रकाश समोर जातो आणि डोळ्यांच्या खोबणी भरतात. या तीन सेंटच्या कार्डाच्या जागी प्लॅस्टिकचे डबे वीस डॉलरला विकणारे आहेत. मी कार्डाच्या बाजूचा.

व्यायामशाळेत, म्हणजे जिममध्ये, छत तीस फूट उंच आणि लोखंडी असतं. तिथे हा उपाय चालत नाही. पांढऱ्या भिंतीजवळ माणसं उभी करावीत किंवा सरळ दुसऱ्या खोलीत न्यावीत. हॉलचे दिवे पिवळे असतील तर फ्लॅशवर नाटकवाले वापरतात तो नारिंगी जेलचा तुकडा टेपने चिकटवावा, नाहीतर चेहरे निळसर आणि मागची भिंत संत्र्यासारखी दिसते.

फ्लॅश कुठे वापरू नये हेही स्पष्टच सांगतो. नाटक किंवा नाच चालू असताना मुळीच नाही. रंगमंचावर उजेड भरपूर असतो आणि विसाव्या रांगेतून मारलेला फ्लॅश फक्त पुढच्यांची टकलं उजळतो. आरतीच्या वेळी नाही. लक्ष्मीपूजनाला, पणत्यांच्या रांगोळीला तर अजिबात नाही. पणतीचा उजेड हाच तिथला विषय, त्यावर पांढरा झोत टाकणं म्हणजे बासुंदीत लिंबू पिळणं. पणतीमागे बसलेल्या मुलीचा चेहराही हवाच असेल तर शटर १/८ सेकंदापर्यंत मंद ठेवावं, कॅमेरा तिवईवर, फ्लॅशवर नारिंगी जेल, आणि फ्लॅशची खूण लेन्सपेक्षा दोन घरं कमी प्रकाशाची. मग ज्योतही राहते आणि चेहराही.

आता धोक्याची गोष्ट, कारण याबाबतीत अर्धवट माहिती महागात पडते. फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत, हॉट शूमध्ये बसतो. मधल्या बिंदूवर कॅमेरा दोन टोकं जोडतो आणि फ्लॅश पेटतो. जुन्या फ्लॅशमध्ये या दोन टोकांमध्ये बराच दाब असू शकतो. फिल्मच्या कॅमेऱ्यात तिथे धातूचे साधे संपर्क होते, त्यांना त्याचं काही वाटत नसे. डिजिटल कॅमेऱ्यात तिथे नाजूक इलेक्ट्रॉनिक्स असतं. जपानमध्ये बनलेल्या सुरुवातीच्या २८३मध्ये हा दाब दोनशे व्होल्टच्या वर सापडतो, तर त्याच नावाच्या नंतरच्या फ्लॅशमध्ये दहा-बाराच. कॅमेऱ्यांची सहनशक्तीही सारखी नाही. निकॉन आपल्या माहितीपुस्तकांत २५० व्होल्टची मर्यादा सांगतं. काही जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांची मर्यादा मात्र फक्त ६ व्होल्ट धरली जाते. त्यामुळे नावावरून किंवा मॉडेलवरून अंदाज बांधू नये. मोजावं. डिजिटल मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा, फ्लॅश सुरू करून तयारीचा दिवा लागेपर्यंत थांबायचं, लाल टोक खालच्या मधल्या बिंदूवर, काळं टोक बाजूच्या धातूच्या पट्टीवर. आकडा दहाच्या आत असेल तर आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांना चिंता नाही, तरी आपल्या कॅमेऱ्याचं पुस्तक पाहावं. आकडा मोठा असेल तर फ्लॅश थेट कॅमेऱ्यावर चढवायचा नाही. त्यासाठी वाइन कंपनीचा सेफ-सिंक नावाचा जोड मिळतो, तो मधे बसवला की कॅमेऱ्यापर्यंत सहाहून कमी व्होल्ट पोहोचतात. किंवा स्वस्तातला रेडिओ ट्रिगर घ्यावा. एक तुकडा कॅमेऱ्यावर, दुसरा फ्लॅशखाली, मधे तार नाही, म्हणजे व्होल्टेज कॅमेऱ्याकडे यायला वाटच नाही. फ्लॅशखालचा तुकडा किती व्होल्ट सोसतो ते त्याच्या कागदावर पाहून घ्यावं.

आणि फ्लॅश उघडायचा नाही. सेल काढले, महिनाभर कपाटात ठेवला, तरी कपॅसिटरमध्ये झटका बसण्याइतकी वीज राहू शकते, आणि तो झटका साधा नसतो. हे विशेषकरून आपल्या रोबोटिक्स टीममधल्या मुलांना उद्देशून. वर्षानुवर्षं न वापरलेला फ्लॅश पहिल्यांदा सुरू करताना कपॅसिटरला थोडं उठवावं लागतं. नवे सेल घालून तो काही मिनिटं सुरू ठेवावा, पूर्ण ताकदीने दोन-चार वेळा पेटवावा, परत थांबावं, परत पेटवावं. सुरुवातीला शिटीसारखा बारीक आवाज येतो, तो ठीक. जळका वास आला तर मात्र बंद करून त्याला निरोप द्यावा. सेलच्या जागी पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर कापसाच्या बोळ्याला थोडं व्हिनेगर लावून पुसावं आणि वाळू द्यावं. पुढे चार्ज होणारे निकेलचे एए सेल वापरावेत. त्यांनी फ्लॅश साध्या सेलपेक्षा लवकर तयार होतो आणि कचराही होत नाही.

कंपन्यांना हे सगळं आवडत नाही, हे ओघाने आलंच. हॉट शूचा मधला बिंदू ही अनेक वर्षांची समाईक सोय होती. कुणाचाही फ्लॅश कुणाच्याही कॅमेऱ्यावर पेटायचा. २०१९ साली आलेल्या कॅननच्या रेबेल एसएल३ या नवशिक्यांच्या कॅमेऱ्यात तो मधला बिंदूच ठेवला नाही. किती पैसे वाचले असतील त्यात? नवशिक्याला मात्र एक तर कंपनीचाच फ्लॅश घ्यावा लागणार किंवा त्या संकेतांची नक्कल करणारा. मंडळाने कॅमेरा घेताना तो मधला बिंदू आहे की नाही हे दुकानात पाहूनच घ्यावा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. वापरलेला, दहा वर्षं जुना कॅमेराही चालेल. आपल्याला चित्रपट काढायचा नाही.

यावर बैठकीत आलेले दोन आक्षेप योग्य होते, त्यांना उत्तर देतो. पहिला: आजचे कॅमेरे आयएसओ ६४००लाही स्वच्छ फोटो देतात, मग फ्लॅश कशाला? खरं आहे, उजेड किती आहे हा प्रश्न त्याने सुटतो. पण उजेड कुठून येतो हा प्रश्न तसाच राहतो. डोळ्यांतले खड्डे आयएसओ ६४००ला अधिक स्वच्छ दिसतात इतकंच. दुसरा: चिनी बनावटीचे नवे फ्लॅश साठ-सत्तर डॉलरला मिळतात, मग जुन्याचा सोस का? तेही खरं, आणि ज्याच्याकडे जुना नाही त्याने खुशाल नवा घ्यावा. पण त्या किमतीचे बहुतेक फ्लॅश पूर्ण मॅन्युअल असतात, म्हणजे पुन्हा अंतराचा हिशेब आला. टीटीएल घ्यावा तर तो एकाच कंपनीच्या कॅमेऱ्याला बांधलेला. आपल्या मंडळात स्वयंसेवक दरवर्षी बदलतात, कुणाकडे कॅनन, कुणाकडे फुजी, कुणाकडे बाबांचा निकॉन. कुणाच्याही कॅमेऱ्यावर चालेल आणि अंतर स्वतः सांभाळेल अशी वस्तू हवी असेल तर ती चाळीस वर्षांपूर्वीच बनून आपल्या बेसमेंटमध्ये पडलेली आहे.

व्यावसायिक फोटोग्राफरला माझा विरोध नाही. वर्धापनदिनाला जरूर बोलवा. पण तो येतो स्टेजसाठी. प्रमुख पाहुणे, दीपप्रज्वलन, हारतुरे, बक्षीस समारंभ. जेवणाच्या टेबलाशी बसलेल्या, शनिवारच्या मराठी शाळेत वीस वर्षं शिकवून आता चालता न येणाऱ्या बाईंना तो ओळखत नाही. त्यांच्याजवळ जाऊन, खुर्ची जरा भिंतीकडे वळवून, 'मावशी, इकडे बघा' म्हणायला आपलंच कुणीतरी हवं. आपल्याकडच्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना हे काम द्यावं असं मला वाटतं. कार्यक्रमात त्यांना तसंही काही करायला नसतं, ती मागच्या जिन्यात बसून फोन पाहत असतात. फोटो काढायचा म्हटलं की मावशींशी बोलावं लागतं, त्या कुठल्या गावच्या, कधी आल्या, हे विचारावं लागतं. फोटोखाली नाव लिहायचं तर ते देवनागरीत कसं लिहितात हेही कळतं. मुलांना मराठी बोलायला लावायचे जे उपाय आपण करतो, त्यांत हा मला सगळ्यात कमी कंटाळवाणा वाटतो.

तेव्हा सूचना अशी. मंडळाने नवीन खरेदी यंदा थांबवावी. सभासदांनी घरातले जुने फ्लॅश आणून द्यावेत, चालणारे न चालणारे सगळे. संक्रांतीच्या कार्यक्रमाला मी मागच्या बाजूला एक टेबल मांडून मल्टिमीटर घेऊन बसणार आहे. प्रत्येक फ्लॅशचा दाब मोजून त्यावर चिठ्ठी लावीन: थेट चालेल, जोड लावून चालेल, किंवा नको. त्यातून चार-पाच चांगले निघाले तरी मंडळाची फोटोची पेटी तयार झाली, आणि शाळेतल्या दहावी-अकरावीच्या मुलांपैकी ज्यांना यायचं आहे त्यांना त्याच दिवशी तासाभरात वापर शिकवता येईल. तिळगूळ घ्यायला आलेल्या प्रत्येक ज्येष्ठाचा एक फोटो, पांढऱ्या छताखाली, नावासकट, हा त्यांचा पहिला गृहपाठ. टेबल दुपारी तीनपासून लागेल. फ्लॅश आणताना सेल घरीच काढून ठेवावेत, आणि त्याचं माहितीपुस्तक सापडलं तर तेही आणावं.